रोगबीजांचा घाला आणि रुग्णाचा विश्वास

इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टि बहुधा घाव घालणाऱ्याकडे असते. ज्याला घाव बसला त्याच्या उशाशीं कोण बसलें, याची नोंद क्वचितच सांपडते. लढाई कोणीं जिंकली हें शाळेंतील मुलेंहि सांगतील. पण लढाईनंतर जखमींच्या तोंडांत पाणी कोणीं घातलें हें विचारलें, तर मोठमोठे पंडितहि गप्प बसतील. शस्त्राच्या बाबतींत जें खरें, तें रोगाच्या बाबतींत त्याहून अधिक खरें आहे. विसाव्या शतकांत मनुष्यानें रोगबीजांनाहि शस्त्र बनविलें, आणि तेव्हांपासून या विषयावर जें लिहिलें गेलें त्यांतील बराचसा भाग बीज कोणीं सोडलें, कसें सोडलें, याच चर्चेनें व्यापलेला आहे. ती चर्चा निरर्थक नाहीं. परंतु रोगबीज निसर्गानें धाडलें कीं मनुष्यानें, हा प्रश्न मुत्सद्द्यांचा व न्यायाधीशांचा आहे. तापानें फणफणलेल्या रुग्णाचे प्रश्न निराळे असतात. मला पाणी कोण देईल? औषध कोण देईल? आणि जो देण्यास आला आहे त्याच्यावर मीं विश्वास ठेवावा काय? गेल्या सव्वाशें वर्षांत औषधें अनेकदां बदललीं. हा शेवटचा प्रश्न मात्र जसाच्या तसा राहिला. त्याचाच मागोवा घेण्याचें आम्ही येथें योजिलें आहे.

हा विचार करतांना पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे दोन तालुके आम्ही डोळ्यांसमोर ठेवणार आहों. साथीचा इतिहास शहरांचा म्हणून लिहिला जातो, कारण कचेऱ्या, वृत्तपत्रें आणि मोठीं रुग्णालयें शहरांत असतात. पण साथ शहरांत थांबत नाहीं. या मुलुखाच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा, आणि मोरोपंतांच्या बारामतीवरून वाहत जाऊन सोनगांवाजवळ नीरेला मिळणारी कऱ्हा. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला, त्याच्या पाण्यावर पुढें ऊस उभा राहिला, आणि उसाच्या मागोमाग साखर कारखाने व दूरदूरचे ऊसतोड मजूर आले. पुण्याहून सोलापुरास जाणारा रस्ता इंदापुरावरून जातो. दौंडहून बारामतीपर्यंत छोटी आगगाडी १९१४ सालीं आली. या सर्वांहून जुनी वाट वारीची. तुकोबांची पालखी दर आषाढांत बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर, सराटी अशी मजल दरमजल करीत पंढरीकडे जाते. सारांश, हा मुलूख आडबाजूचा दिसला तरी वाटांचा आहे. आणि माणूस ज्या वाटेनें जातो त्याच वाटेनें रोगहि जातो.

पटकीचा अनुभव या वाटेवरील गांवांना पिढ्यान्‌पिढ्यांचा. हजारों माणसें एकाच नदीचें पाणी पितात, त्याच नदींत स्नान करितात, आणि एखादा आजारी वारकरी वाळवंटांत मागें राहतो. कॉलऱ्याचा जंतु कोख यांनीं १८८४ सालीं कलकत्त्यास निश्चित केला. त्यापूर्वीं मरीआईचा कोप यापलीकडे कोणास कांहीं सांगतां येत नव्हतें. पुढें वारीच्या दिवसांत लस टोचण्याची व विहिरींत औषध टाकण्याची पद्धति पडली. पण पटकीवरील सर्वांत मोठा उपाय सांपडला तो फार उशिरां, १९७१ मध्यें, बंगालच्या सीमेवरील बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत. शिरेंतून द्यावयाचें क्षारपाणी संपत आलें तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, साखर व सोडा घातलेलें पाणी रुग्णांच्या नातलगांच्याच हातांत देऊन तें पाजण्यास सांगितलें. आणि शेंकडा तीसच्या घरांत गेलेलें मृत्यूचें प्रमाण शेंकडा चाराच्याहि खालीं आलें. येथें औषध तर साधें होतेंच, पण तें पाजणारे हात आप्तांचे होते, ही गोष्ट आम्हांस औषधाइतकीच महत्त्वाची वाटते. कारण याच्या नेमका उलट प्रयोग पुण्यानें पूर्वींच पाहिला होता.

तो काळ १८९६-९७ चा. मुंबईच्या मांडवी भागांत ताप व जांघेंत गांठ असलेले रुग्ण दिसूं लागले, आणि सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्यानें हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, असल्याचें जाहीर केलें. प्लेगचा जंतु दोनच वर्षांपूर्वीं हाँगकाँग येथें यर्सिन यांनीं शोधला होता. पण तो माणसापर्यंत येतो कसा, हें कोणासहि ठाऊक नव्हतें. उंदराच्या अंगावरील पिसू हा त्यांतील दुवा आहे हें सिमाँ यांनीं १८९८ सालीं कराची येथें दाखविलें, आणि तेंहि सर्वमान्य होण्यास आणखी आठ-दहा वर्षें लागलीं. तोंवर भिंतींना चुना, गटारांत औषधी पाणी, कपड्यांची होळी, हाच उपचार. रोग्यास द्यावयाचें खात्रीचें औषध कोणाजवळहि नव्हतें. उशाशीं बसणें, पाणी पाजणें, अंग पुसणें, एवढीच सेवा शक्य होती. आणि तीच दुर्मिळ झाली होती.

सरकारनें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा केला. या कायद्याला चारच कलमें. पहिल्यांत नांव व व्याप्ति, दुसऱ्यांत सरकारचे अधिकार, तिसऱ्यांत न ऐकणाऱ्यास शिक्षा, चौथ्यांत सद्‌बुद्धीनें काम करणाऱ्या अंमलदारांस संरक्षण. रोग्याला काय मिळावें, त्याची काळजी कोणीं घ्यावी, त्याच्या घरच्यांस काय कळवावें, याविषयीं त्यांत एक अक्षरहि नाहीं. कायदा करणाऱ्यांचा हेतु दुष्ट होता असें आम्ही म्हणत नाहीं. साथ हटविणें हाच तो हेतु होता. पण साथ हटवितांना रोगी म्हणजे साथीचें एक ठिकाण, यापलीकडे त्यांच्या दृष्टीस कांहीं दिसलें नाहीं.

त्याच दिवसांत पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूस सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनीं प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलास स्वतःच्या पाठीवर घेऊन त्यांनीं दवाखान्यांत आणलें, असें सांगतात. त्या सेवेंतच त्यांना रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. यानंतर तीनच दिवसांनीं, १३ मार्चला, पुण्यांत रँडसाहेबांच्या समितीनें गोऱ्या शिपायांकरवीं घरोघर शोध सुरू केला. एकाच शहरांत, एकाच रोगाच्या बाबतींत, हीं दोन टोकें एका आठवड्याच्या आंत उभीं राहिलेलीं पाहून वाचकांनीं क्षणभर थांबावें, असें आम्हांस वाटतें.

हा शोध १९ मेपर्यंत चालला. शिपाई देवघरांत व माजघरांत शिरले, स्त्रीपुरुषांची अंगें तपासलीं गेलीं, सामान रस्त्यावर फेंकलें गेलें, रोग्यास रुग्णालयांत व त्याच्या घरच्यांस अलगीकरणाच्या छावणींत नेलें गेलें. या सर्वांचें फळ काय? सरकारी हिशेबाप्रमाणें २,१८,२२४ घरझडत्या झाल्या (एकेक घर कितीदां तरी तपासलें गेलें असलें पाहिजे हें उघड आहे) आणि त्यांत प्लेगचे रोगी सांपडले ३३८ व प्रेतें ६४. म्हणजे सुमारें साडेसहाशें वेळां कोणाच्या तरी उंबऱ्यावरून बूट आंत गेले, तेव्हां एक रोगी हातीं लागला. उन्हाळ्यांत साथ ओसरली खरी, पण कडक उन्हांत पिसवा मरतात हेंहि त्याचें एक मोठें कारण होतें; पावसाळ्यानंतर रोग पुन्हा आलाच. मात्र गेलेला विश्वास परत आला नाहीं. लोकांनीं रोगी लपविले, प्रेतें रात्रीं हलविलीं, आणि ज्यांना जाणें शक्य होतें ते गांवोगांव पांगले. रोगावर ज्यानें पहारा बसवावयाचा, त्यानेंच अशा रीतीनें रोगाला वाटा फोडून दिल्या. २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, चापेकर बंधु फांसावर गेले, टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. ही कथा सर्वश्रुत आहे. त्या मानानें टिळकांनीं चालविलेलें हिंदु प्लेग रुग्णालय कमी लोकांना ठाऊक असतें. रुग्णालयाला लोकांचा विरोध नव्हता. जेथें आपला धर्म, आपलें अन्न व आपलीं माणसें यांना मज्जाव आहे अशा ठिकाणीं एकटें मरण्याला त्यांचा विरोध होता. ज्या पंडिता रमाबाईंचा धर्म राज्यकर्त्यांचाच होता, त्यांनींहि सरकारी प्लेग रुग्णालयांतील स्त्रियांच्या हालांविषयीं वृत्तपत्रांतून जाहीर तक्रार केली, यावरून हा प्रश्न केवळ सनातनी समजुतींचा नव्हता हें स्पष्ट होतें.

शहरांत हा गोंधळ चालला असतां दख्खनच्या खेड्यांनीं आपला उपाय आपणच शोधला. घरांत उंदीर पडूं लागले कीं गांव सोडावयाचें, मळ्यांत किंवा माळावर झोपड्या घालावयाच्या, आणि साथ सरेपर्यंत गांवांत पाऊल टाकावयाचें नाहीं. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील जुन्या कुटुंबांतून आजहि घरांतील वडील माणसें प्लेगच्या सालांतील झोपड्यांची गोष्ट सांगतात. या लोकांना पिसूचें शास्त्र ठाऊक नव्हतें. पण उंदीर मेला कीं माणूस मरतो, एवढें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. पुढें शास्त्रानें त्यांच्याच बाजूनें निकाल दिला: उंदीर मेल्यावर उपाशी पिसवा माणसाकडे वळतात, तेव्हां घर सोडणें हाच त्या वेळचा सर्वांत शहाणपणाचा उपाय होता. यांत कोणाची सक्ति नव्हती. सारें गांव एकत्र जाई, स्वयंपाक एकत्र होई, आणि आजारी माणूस आपल्याच माणसांच्या डोळ्यांसमोर असे. सरकारची छावणी आणि गांवाची छावणी यांत झोपडी तीच होती. फरक होता तो आपण होऊन जाण्यांत आणि ओढून नेले जाण्यांत.

विश्वासाचीच परीक्षा लशीलाहि द्यावी लागली. हाफकिन हे ऑक्टोबर १८९६ मध्यें मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत कांहीं महिन्यांत त्यांनीं प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगांत आपण होऊन पुढें आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. टोचलेल्यांत रोगाचें प्रमाण पुष्कळ कमी आढळलें. पण ऑक्टोबर १९०२ मध्यें पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं एकाच बाटलींतील लस टोचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मरण पावलीं. दोष प्रयोगशाळेचा कीं बाटली उघडणाऱ्याचा, याची चौकशी वर्षानुवर्षें चालली. हाफकिन निर्दोष ठरले तेव्हां १९०७ साल उजाडलें होतें. परळच्या ज्या प्रयोगशाळेला १९२५ पासून त्यांचें नांव आहे तिनें पुढें कोट्यवधि मात्रा तयार केल्या. पण मुलकोवालचा धडा शिल्लक राहतोच. हजार माणसें वांचलीं ही बातमी गांवांत पोंचत नाहीं. एकोणीस मेलीं ही बातमी मात्र वाऱ्यावर पोंचते. म्हणून औषधाच्या शुद्धतेइतकीच त्याविषयीं खरें बोलण्याची काळजी घ्यावी लागते. १८९६ पासून हिंदुस्थानांत प्लेगनें एक कोटीहून अधिक बळी घेतले, हें ध्यानांत आणलें म्हणजे या धड्याची किंमत कळते.

येथवर पाहिली ती निसर्गाची करणी. मनुष्याची करणी पाहावयाची तर १९३३ सालाकडे वळलें पाहिजे. आणि तिचाहि एक धागा मुंबईंतच गुंतलेला आहे. पाकुड येथील जमीनदार घराण्यांतील अमरेंद्र पांडे हा तरुण २६ नोव्हेंबर १९३३ रोजीं हावडा स्टेशनावर उभा असतां खादीचे कपडे घातलेल्या एका अनोळखी माणसाचा धक्का त्याला लागला आणि दंडांत कांहींतरी टोंचलें. थोड्याच दिवसांत त्यास ताप भरला, आणि ४ डिसेंबरला तो मरण पावला. त्याच्या रक्ताच्या परीक्षेंत प्लेगचे जंतु सांपडले. पण तो निकाल हातीं आला तेव्हां रोगी राहिला नव्हता. तपासांत असें उघडकीस आलें कीं, इस्टेटीच्या लोभानें त्याचा सावत्र भाऊ विनयेंद्र यानें डॉ. तारानाथ भट्टाचार्य यास हाताशीं धरलें होतें. जंतु मिळविण्यासाठीं प्रथम हाफकिन संस्थेकडे खटपट केली गेली, ती फसली, तेव्हां संशोधनाच्या मिषानें मुंबईच्या आर्थर रोडवरील सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयांत शिरकाव करून घेतला गेला. खालच्या न्यायालयानें दोघांस फांशीची शिक्षा दिली. कलकत्त्याच्या उच्च न्यायालयानें ती बदलून जन्मठेप काळ्या पाण्याची केली.

या खटल्यांतील चातुर्य वाचून पुष्कळांस रहस्यकथेची आठवण होते. आम्हांस त्यांत दुसरेंच कांहीं दिसतें. हा घाला यशस्वी झाला तो दोन कारणांनीं: एक, रोग ओळखण्यास वेळ लागला, दुसरें, ओळखला असता तरी त्या वेळीं त्यावर खात्रीचें औषध नव्हतें. आणि जेथें रोगपीडितांची सेवा व्हावयाची त्याच घरांतून विष बाहेर पडलें, ही त्यांतील सर्वांत विषण्ण करणारी गोष्ट. पुढें युद्धाच्या धुमाळींत जपानी सैन्यानें चीनमध्यें हेंच दुष्कृत्य मोठ्या प्रमाणावर केलें. १९४० मध्यें निंगबो व नोव्हेंबर १९४१ मध्यें चांगदे या शहरांवर प्लेगच्या पिसवा विमानांतून टाकल्या गेल्या. जिनीव्हा येथील १९२५ च्या करारानें अशा शस्त्राचा वापर निषिद्ध केला होता, पण जपाननें त्या वेळीं त्यास मान्यता दिलेली नव्हती. हीं शस्त्रें तयार करण्यास व साठविण्यास बंदी करणारा करार १९७२ सालीं झाला. तो भारतासहि मान्य आहे.

सुदैव असें कीं, ज्या मुंबईंतून पाकुडचें विष गेलें त्याच मुंबईंत त्यावरील उताऱ्याचा शोधहि चालू होता. सोखी, वागळे प्रभृति वैद्यांनीं सल्फा जातीच्या औषधांनीं प्लेगचे रोगी बरे होऊं शकतात असे निष्कर्ष १९४१ मध्यें प्रसिद्ध केले. १९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें, आणि पांच वर्षांच्या आंत भारतांतील वैद्य तें प्लेगवर वापरूं लागले. गांठीच्या प्लेगमध्यें उपचाराविना जेथें निम्म्याच्या आसपास रोगी दगावत, तेथें वेळेवर उपचार झाल्यास दहांतील नऊ जण वांचूं लागले. फुप्फुसाच्या प्लेगांत मात्र पहिला एक दिवसच हातांत असतो. त्यांत औषध मिळालें नाहीं तर मृत्यु बहुधा टळत नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, उद्यां असा घाला खरोखरच पडला, तर वैद्यानें करावयाचें काय? शास्त्राचें उत्तर आश्चर्य वाटावें इतकें साधें आहे. अशा वेळीं दारांत तीन प्रकारचीं माणसें येतात: आजारी पडलेलीं, संसर्ग पोंचलेलीं पण अद्याप धडधाकट, आणि नुसतीं भ्यालेलीं. पहिल्यांना तात्काळ औषध, हवा, पाणी व शुश्रूषा पाहिजे. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत थांबणें म्हणजे पाकुडची पुनरावृत्ति. दुसऱ्यांचे कपडे उतरवून घ्यावे, साबण-पाण्यानें अंग धुवावें, आणि रोगाप्रमाणें औषध किंवा लस द्यावी. प्लेगचा संसर्ग असेल तर डॉक्सिसायक्लिनसारखें औषध आठवडाभर घेतल्यानें रोग होण्यापूर्वींच अडवितां येतो. तिसऱ्यांना औषध नको, खरी माहिती पाहिजे. आणि त्यांचीच संख्या बहुधा सर्वांत मोठी असते. अलग ठेवण्याचा नियमहि सर्वांस सारखा नाहीं. देवीचा रोगी पूर्ण वेगळा ठेवावा लागे. फुप्फुसाच्या प्लेगचा रोगी औषध सुरू झाल्यावर निदान दोन दिवस व आराम पडेपर्यंत वेगळा ठेवावा. पण काळपुळीचा रोगी, म्हणजे अँथ्रॅक्सचा, श्वासांतून दुसऱ्यास रोग देत नाहीं, तेव्हां त्यास कोंडून ठेवण्याचें कारण नाहीं. याचा अर्थ असा कीं, अज्ञानानें केलेलें अलगीकरण हें शिस्त नसून केवळ भीतीचें दुसरें नांव आहे.

भीति काय करते हें १९९४ सालीं दिसलें. ऑगस्टमध्यें बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं गांठीचे रुग्ण आढळले, आणि सप्टेंबरांत सुरतेंत फुप्फुसाच्या प्लेगची हूल उठतांच लाखों लोकांनीं शहर सोडलें. पळणाऱ्यांत खाजगी दवाखाने चालविणारे कित्येक वैद्यहि होते, असें त्या वेळच्या वृत्तांवरून दिसतें. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहींशा झाल्या. प्रत्यक्ष मृत्यु शंभराच्याहि आंत राहिले. पण जगानें भारताकडे येणारीं विमानें व माल अडविला. औषध होतें, ज्ञान होतें. नव्हता तो धीर. १८९७ मध्यें लोक सरकारला भ्याले, १९९४ मध्यें एकमेकांना.

या दोन्ही अनुभवांची कसोटी २०२० सालीं लागली. ९ मार्चला पुण्यांत करोनाचे पहिले रुग्ण आढळले, त्यांना डॉ. नायडू सांसर्गिक रुग्णालयांत ठेवण्यांत आलें. तपासणीसाठीं पुण्याची राष्ट्रीय विषाणु संस्था होती. कायदा मात्र तोच, १८९७ चा, चार कलमांचा. तो १३ मार्चला महाराष्ट्रांत लागू झाला. महिनाअखेरीस बारामतींत पहिला रुग्ण सांपडला. एप्रिलमध्यें राजस्थानांतील भिलवाडा येथील पद्धति बारामतीनें उचलली: वस्त्या बंद करावयाच्या, घरोघर तपासणी करावयाची, आणि लोकांनीं बाहेर पडूं नये म्हणून किराणा, भाजी, औषध त्यांच्या दारांत पोंचवावयाचें. यांतील शेवटचें कलम आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. रँडसाहेबांच्या वेळीं शिपाई दारांत येत तो कांहींतरी नेण्यासाठीं. येथें स्वयंसेवक दारांत आला तो कांहींतरी देण्यासाठीं. बंदोबस्त दोन्हींकडे कडकच होता. पण घरांत अन्न पोंचलें कीं माणूस घरांत राहतो, हें साधें सत्य १२३ वर्षांनीं का होईना, आपल्या कारभारांत आलें.

सर्वच उजळ होतें असें मात्र नव्हे. टाळेबंदीनें कारखान्यांच्या परिसरांत अडकलेले हजारों ऊसतोड मजूर कोप्यांतून दिवस काढीत राहिले. तपासणी करून त्यांना गांवीं जाऊं देण्याचा निर्णय व्हावयास एप्रिलचा मध्य उजाडला. तुकोबांच्या पादुका त्या वर्षीं ३० जूनला एस. टी. च्या मोटारींतून पंढरीस गेल्या. बारामती-इंदापूरच्या वाटेवर टाळमृदंग ऐकूं आला नाहीं, आणि वारकऱ्यांनीं तें निमूटपणें मान्य केलें. पण रुग्णालयांत शिरलेल्या माणसाची खबर दारापाशीं ताटकळणाऱ्या मुलांस मिळेना, अंत्यदर्शन होईना, बरा होऊन परतलेल्याकडे शेजारी पाठ फिरवीत. हे हाल थोड्याफार फरकानें सर्वत्रच झाले. १८९७ मध्यें लोकांनीं ज्यासाठीं आकांत केला तें दुःख हेंच होतें. रोग्याच्या सेवकांवरहि दगडफेक झाली, म्हणून २२ एप्रिल २०२० रोजीं वटहुकूम काढून त्या जुन्या कायद्यांत आरोग्यसेवकांच्या संरक्षणाची तरतूद करण्यांत आली. अंमलदारास संरक्षण प्रथमपासून होतें, सेवकास आतां मिळालें. रोग्याच्या हक्काचें कलम त्या दुरुस्तींतहि आलें नाहीं.

हें कलम काय असावें? आमच्या मतें त्यास फार शब्द लागणार नाहींत. रोग्यास काय झालें आहे तें त्याला त्याच्या भाषेंत सांगावें. त्याची खबर रोज त्याच्या घरीं पोंचावी. त्याला ज्या ठिकाणीं ठेवलें असेल तेथें पाणी, अन्न व एक तरी ओळखीचा आवाज असावा. घर बंद करावयाचें तर त्या घरांत चूल पेटेल याची जबाबदारी बंद करणाऱ्यानें घ्यावी. आणि तो मेला, तर त्याच्या देहाला त्याच्या रीतीप्रमाणें, धोका टाळून, निरोप द्यावा. यांतील एकहि गोष्ट मोठ्या खर्चाची नाहीं. बारामती-इंदापूरसारख्या तालुक्यांतील लहानशा रुग्णालयासहि ती झेपण्यासारखी आहे.

कोणी म्हणतील, शत्रूनें रोगबीजें सोडलीं असतां असल्या कोमल गोष्टींचा विचार कोण करीत बसणार? आमचें उत्तर असें कीं, तेव्हांच तो विचार सर्वांत अधिक करावा लागेल. रोगबीजाच्या शस्त्राचा खरा नेम शरीरावर नसतो. माणसानें माणसाजवळ जाण्यास भ्यावें, वैद्याचा संशय घ्यावा, आजाऱ्यास लपवावें, गांवानें वेस बंद करावी, हा त्याचा नेम असतो. औषधानें शरीर वांचेल; पण हा दुसरा घाव भरून काढावयाचा तर लोकांचा विश्वास आधींपासूनच कमावलेला असला पाहिजे. साथ आल्यावर तो कमावतां येत नाहीं. प्रसूतीच्या रात्रीं, विंचूदंशाच्या दुपारीं, मुलाच्या साध्या तापांत ज्या दवाखान्याचें दार उघडें मिळालें, त्याच दवाखान्यावर महामारीच्या दिवशीं लोक विसंबतात. म्हणून तालुक्याच्या गांवीं वर्षभर नीट चालणारा दवाखाना हीच रोगबीजांविरुद्ध राष्ट्राची पहिली तटबंदी होय, असें आम्हांस वाटतें. आणि सावित्रीबाईंनीं पाठीवरून नेलेलें तें आजारी मूल त्या तटबंदीचा पायाचा दगड आहे.